कापडाची कात्री आणि सुजलेलं बोट

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, पण कापडाची, कागदाची नव्हे! हे आधीच ठणकावून सांगते, कारण मध्यंतरी आमच्या घरात याचा सगळ्यांनाच विसर पडला होता.

भट्टीत तापून आणि ऐरणीवर ठोके खाऊन मी घडले. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला दुकानात उचललं, हवेत दोनदा उघडझाप केली आणि म्हणाल्या, "हीच द्या." तेव्हापासून त्या माझ्या मालकीणबाई. त्यांनी खडूने रेघ मारावी आणि मी तिच्यावरून सरसर जावं. कोट, झगे, शाळेचे गणवेश, काय काय बेतलं आम्ही! गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, काय हात आहे तुमचा!" त्यातली निम्मी शाबासकी मी गुपचूप माझ्या पदरात घालून घेत असे.

मग एका सकाळी बाईंचा अंगठा माझ्या कड्यात शिरेना. दोन्ही हातांचे सांधे सुजले होते, मूठ वळत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "शरीराची राखण करणारी फौजच तुमच्या सांध्यांवर उलटली आहे. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा ना!" गोळ्यांनी थोडा उतार पडला, पण काम काही जमेना. मी आधी खणात गेले आणि तिथून स्वयंपाकघरात. मित्रांनो, मी दुधाच्या पिशव्या कापल्या! धार गेली ती गेली, वर अंगाला दुधाचा वास. मी बाईंवर रुसले होते, आणि त्या स्वतःच्या हातांवर.

पुढे डॉक्टरीणबाईंनी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू केलं. जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेलं हे औषध त्या उलटलेल्या फौजेला लगाम घालतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं आणि घरीच मांडीत टोचायचं. जन्म सुयांमध्ये गेलेल्या आमच्या बाई पहिल्या वेळी डोळे गच्च मिटून बसल्या. त्यांची धाकटी नणंद त्यांच्या हाताखाली काज-बटणं करते, म्हणून सगळे तिला बटणताई म्हणतात. ती हसून म्हणाली, "वहिनी, रोज इतके टाके घालतेस आणि एका सुईला घाबरतेस?"

"ते कापडाला घालते गं!" बाई म्हणाल्या.

काही महिन्यांत सूज ओसरली. मला धार लावून आणली, पात्यांच्या जोडात तेल सोडलं. बाईंचा अंगठा पुन्हा माझ्या कड्यात अलगद बसला, तेव्हा मला आनंदाने भरून आलं.

पण एकदा इंजेक्शनच्याच दिवशी मला उचलताना बाई कळवळल्या. मधलं बोट टम्म सुजलं होतं. समोर एका नवरदेवाच्या कोटाचं कापड पसरलेलं. बाईंचा चेहरा पडला. "आलं दुखणं परत. बरं झालं, आजच सुईचा दिवस आहे." त्यांनी इंजेक्शन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलं.

मला काही ते पटेना. बाईंचं जुनं दुखणं मी चांगलंच ओळखत होते. ते दोन्ही हातांत जोडीनं यायचं. आज एकच बोट, आणि तेही तव्यासारखं तापलेलं. पण कात्रीने ओरडायचं तरी कसं? अर्धा तास भराभर सरत होता आणि मी नुसती तळमळत होते.

तेवढ्यात बटणताई आली. "बघू बोट."

"बघायचंय काय त्यात? नेहमीचंच आहे."

"मग दुसरा हात दाखव."

बाईंनी दुसरी मूठ वळली, उघडली. काही दुखलं नाही. बटणताईने सुजलेलं बोट उजेडात धरलं. नखाशेजारी सुई टोचल्याची बारीक खूण होती आणि भोवती पिवळट पू.

"हे कधी झालं, वहिनी?"

"परवा, अस्तर शिवताना. शिवणाऱ्याला सुई लागायचीच, तिचं काय एवढं कौतुक?"

"पूर्वी नव्हतं. हे इंजेक्शन घेतेस तेव्हापासून आहे!" म्हणत बटणताईने दवाखान्यात फोन लावला.

नर्सबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "आज इंजेक्शन मुळीच घेऊ नका. जंतूंशी लढायला तीच फौज लागते, आणि हे औषध तिला आवरून धरतं. आत्ताच्या आत्ता बोट दाखवायला या."

"आणि कोट?" चपला घालता घालता बाईंनी विचारलं.

"कोट मी बेतते. तू शेजारी बसून ओरड."

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, औषध दिलं आणि बोट पूर्ण बरं होईपर्यंत इंजेक्शन थांबवलं. बाईंचे हात सकाळी जरा आखडायचे. बटणताईचा अंगठा मला नवखा, मी तिला नवखी. बाई शेजारी बसून मनसोक्त ओरडल्या आणि कोट झकास झाला.

मित्रांनो, अवजाराला धार लावा, तेल द्या, आणि दुधाच्या पिशव्या तर मुळीच कापायला लावू नका. पण ज्या हातांनी आम्हाला धरता, त्यांचीही विचारपूस करा. 'नेहमीचंच आहे' असं म्हणण्याआधी एकदा नीट बघा.

आता इंजेक्शन बाहेर काढलं की आमच्या पिकल्या केसांच्या बाई शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे करतात. बटणताई बोटन् बोट तपासते, ताप आहे का, खोकला आहे का विचारते, आणि मग म्हणते, "पास!" बाई मांडीत सुई टोचतात, "आई गं" म्हणतात आणि मला उचलतात.