आठ मिली

“प्यायलं का हो सिस्टर?” वरच्या मजल्यावरून रोज सकाळी फोन यायचा, आणि सिस्टर रोज सांगायच्या, “प्यायलं की. गटागटा.”

साफ खोटं होतं. बाळ आठव्या महिन्यातलं, मूठभर. गटागटा प्यायची त्याच्यात ताकद कुठली? आईला कोरोना झाला, धाप लागली, म्हणून त्याला आधीच बाहेर काढावं लागलं. त्याची तपासणी निगेटिव्ह आली. आई वर बंद खोलीत, बाळ खाली काचेच्या पेटीत. आई खोकत खोकत दूध काढायची, वॉर्डातली मावशी बाटली पुसून खाली आणायची, आणि संसर्गाच्या भीतीने डॉक्टरांचा हुकूम होता म्हणून सिस्टर ते बेसिनमध्ये ओतायच्या. बाळाला पावडरीचं दूध.

सव्वीस वर्षांत सिस्टरांनी एकाही बाळाचं वजन ग्रॅमभर इकडचं तिकडे लिहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘तराजू’ म्हणत. आणि हे खोटं मात्र तोंडातून सहज निघून गेलं. खरं कळलं तर आई दूध काढायचं सोडेल आणि ते आटेल, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांना धीर झाला नव्हता.

पाचव्या दिवशी नवा हुकूम आला. आईचं दूध बाळाला चालेल.

“सुटलात,” मावशी म्हणाली. “आता काही बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“चार दिवस ओतलंय मी, मावशी. या हातांनी.”

फोन आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

“सगळं ओतलं?”

“सगळं.”

“परवा अंगात ताप होता माझ्या. तरी उठून बसले होते मी.”

फोन बंद झाला. दुपारी बाटली आली नाही. संध्याकाळीही नाही.

“फिटली हौस खरं बोलायची?” मावशी म्हणाली. सिस्टरांना रडू आलं. तोंडावर मास्क होता, तेवढं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बाटली पुढे केली. तळाशी आठ मिली दूध. वर चिकटवलेल्या पट्टीवर वेळ लिहिली होती आणि खाली वाकड्या अक्षरात: ‘पाजताना फोन बाळाजवळ ठेवा. तुम्ही बोलू नका.’

सिस्टरांनी फोन लावला आणि बाळाच्या उशाशी ठेवला. दूध वाटीत घेऊन ती त्याच्या ओठांना टेकवली. बाळ चाटायचं, दमायचं, पुन्हा चाटायचं. गिळताना बारीकसा आवाज व्हायचा. पलीकडून खोकला ऐकू आला, मग कुणीतरी तो दाबून धरल्यासारखा थांबला.

आठ मिली संपायला वीस मिनिटं लागली. सिस्टरांचा हात भरून आला होता, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. वाटी रिकामी झाल्यावरही त्यांनी फोन उचलला नाही. बाळ झोपलं होतं; त्याचा श्वास वर आईला ऐकू जावा म्हणून तो तिथेच राहू दिला.