शेपटीच्या बंदुकीवरचा माणूस

सकाळपासून शिवकन्येचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या लेकीची, दिपालीची हळद. दारात मांडवाचे बांबू उभे राहिलेले, मांडववाला जावेद वर चढून दोऱ्या आवळतोय, चुलीवरचा चहा उकळून उकळून काळा पडलाय, आणि ही बाई एका जागी टेकेल तर शपथ. ताट आणायला आत जायची आणि हात हलवत बाहेर यायची. मेंढरांना तर तिनं दोनदा पाणी दाखवलं. मेंढरंसुद्धा तोंड फिरवून उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, लेकीचं लग्न म्हटल्यावर आईचं असंच व्हायचं. नाही हो. लग्नाला ती भीत नव्हती. ती भीत होती परळीहून दुपारी येणाऱ्या गाडीला. त्या गाडीतून विमानदलाच्या एक बाई येणार होत्या आणि त्यांना भेटायचं होतं बायडाबाईला.

बायडाबाई म्हणजे शिवकन्येच्या नवऱ्याची, सुग्रीवची, चुलत आजी. नव्वदी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण जीभ अजून ताठ. धर्मापुरीत कुणाचीही हळद असो, पहिलं बोट बायडाबाईचं, मग बाकीच्या सवाष्णी. तिच्याएवढी जुनी सवाष्ण पंचक्रोशीत नव्हती. आणि गंमत अशी की या सवाष्णीचा नवरा आज गावात असलेल्या कुणीच पाहिलेला नव्हता. शहादेव त्याचं नाव. मोठ्या लढाईच्या वेळी घरातून पळाला आणि इंग्रजांच्या विमानांवर कामाला लागला. एकदा रजेवर येऊन गेला, तेव्हा ही बारा वर्षांची होती. मग आलाच नाही. मेल्याची बातमीही नाही. पुढं निजाम गेला, इंग्रज गेले, सासू-सासरे गेले, दीर गेला. बाईचं कुंकू जागच्या जागी.

"आजी, आजोबा कधी गेले?" असं एका नव्या मास्तरनं विचारलं, तर म्हातारी खेकसलीच. "गेले न्हाईत, लढाईला गेल्यात! मास्तर हाईस ना बे तू? येवढं कळंना व्हय?"

तर झालं होतं असं. पार पूर्वेकडं, ब्रह्मदेशाच्या हद्दीवरच्या डोंगरात, बांबूच्या रानात लाकूडतोड्यांना एका मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी सापडली. आत माणसं होती, म्हणजे त्यांचं जे काही उरलं होतं ते. इंग्रज, कॅनडाचे, आणि एकजण आपला. विमानातल्या माणसांच्या जुन्या यादीत त्या आपल्याच्या नावापुढं गाव लिहिलेलं होतं धर्मापुरी, निजामचं राज्य. पण त्या नावाचा माणूस धर्मापुरीच्या कुठल्याच कागदात सापडेना. विमानदलानं नाव न सांगता गावात चौकशी केली, तेव्हा सुग्रीव म्हणाला, आमच्यातला एक गेलता, पण त्याचं नाव शहादेव. सुग्रीवनं रक्तही दिलं, पण हाडं इतकी जळालेली, की जुळवायला काही हाती लागेना. मग त्या बाईंनी फोनवर सांगितलं, यादीतलं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरातल्या कुणी आपणहून ते सांगितलं, तरच हा माणूस तुमचा. नाहीतर पुढच्या आठवड्यात सगळ्यांचं दफन आहे, त्याच्या दगडावर ते अनोळखी नाव राहील आणि मागं रडायला कुणी नसेल.

शहादेवची बायको तेवढी उरली होती. नाव माहीत असलं तर तिलाच.

आणि खरं सांगायचं तर शिवकन्येला मनातून वाटत होतं, म्हातारीला काही आठवू नये. नवरदेवाकडची माणसं युसूफ वडगावची, लई जुन्या वळणाची. "आमच्या सुनेला बायडाबाईच्या हातची पहिली हळद लागणार," म्हणून विहीणबाई चार गावांत सांगत सुटलेल्या. म्हातारी आज रांडाव झाली, तर उद्या मांडवात काय तोंड दाखवायचं? असा विचार मनात यायचा आणि शिवकन्येला स्वतःचीच लाज वाटायची. एक माणूस डोंगरात पडलाय आणि तुला हळदीची पडलीय, असं ती स्वतःला म्हणायची, आणि पुन्हा मांडवाकडं बघायची.

गाडी आली. उतरल्या त्या उज्ज्वलाबाई, चाळिशीच्या, विमानदलाच्या कपड्यातल्या, केस घट्ट बांधलेले. आल्या त्या सरळ म्हातारीजवळ घोंगडीवर मांडी घालून बसल्या. शिवकन्येला हे आवडलं आणि त्याचा रागही आला.

"आजी, आजोबा तिथं काय काम करायचे, काही सांगितलं होतं का तुम्हाला?"

"सांगितलं न्हवं तर! रजेवर आल्ते तवा रातभर त्येच. इमानाच्या पोटाला म्हणं दुकानावानी शटर असतंय. वर गुंडाळतंय आन् खालून बाँब सुटत्यात. आधी बाँब चढवायलाच होते. मग सायबानं बघितलं की ह्येंची नजर लई तेज. लांडगा हेरून हेरून झाल्ती. म्हणून बंदूक शिकवली."

"शेपटीची," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"शेपटीची," म्हातारी म्हणाली. बाईंना हे माहीत कसं, हे तिला लगेच कळलं असावं.

उज्ज्वलाबाईंनी मग सगळं सांगितलं. बंगालातल्या धावपट्टीवरून ही विमानं रंगूनच्याही पलीकडं जायची. पहाटे निघाली की दिवस मावळायच्या सुमाराला परत. वर एवढी थंडी की उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी निघायची. सगळी पोरं विशी-बाविशीतली. ज्याच्या हातात विमान होतं, तो घरी शेतकरी. उडायच्या आधी कुणी हसायचं, कुणी ओकायचं, आणि मागं राहिलेले संध्याकाळी आभाळाकडं बघत परतणारी विमानं मोजायचे. त्या दिवशी शेपटीचा नेहमीचा गोरा तापानं पडला होता. त्याच्या जागी हा चढला. जाताना ढग लागले, डोंगर दिसला नाही. बाँब पोटातच होते.

सुग्रीव खाली मान घालून बसला होता. जावेदनं बांबूवरून उतरून डोक्याला रुमाल बांधला.

"जाताना?" बायडाबाईनं विचारलं. "का येताना?"

"जाताना, आजी."

"शेपटीवाला कुणीकडं तोंड करून बसतोय?"

"मागं."

म्हातारीनं बोटानं हवेत काहीतरी आखलं, इमान तिकडं, शेपटी इकडं. "म्हंजी तोंड आपल्याकडं होतं," ती म्हणाली. आणि इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले.

शिवकन्या उठली, आत गेली, माठाला हात लावला, तशीच परत आली. तिला बसवेना. उज्ज्वलाबाईंनी हळूच मुद्द्याला हात घातला.

"आजी, आजोबांचं तिथलं नाव वेगळं होतं का?"

"समद्या गावाला ठावं हाय की त्यांचं नाव."

"ते घरचं. तिथलं?"

"मला काय ठावं!" म्हातारीनं तोंड फिरवलं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, फिरवलेल्या तोंडावरच सगळं लिहिलेलं होतं. हिला माहीत आहे, हे शिवकन्येनं ओळखलं.

"कावून लपवताय, आजी?" सुग्रीव कळवळून म्हणाला. "सांगा की!"

"शपथ घातलीय," म्हातारी फुसफुसली. "बापाला पत्ता लागू नये म्हणून दुसरं नाव लावलं होतं. मला म्हणाले, मी परत येईस्तोवर हे नाव तोंडातून काढू नको. मी जित्ता हाय तवर न्हाई."

उज्ज्वलाबाईंनी घड्याळाकडं बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. फक्त एवढंच म्हणाल्या, "आजी, विमान पडल्यावर गावाला तार आली होती. त्या नावानं. या नावाचा माणूस इथं नाही, असा शेरा मारून ती परत गेली."

म्हातारीचा चेहरा बघवेना. आणि शिवकन्येला तो बघताना अचानक कळलं की आपण सकाळपासून ज्याला भीत होतो, ते हे नव्हे. ही बाई आतल्या आत ओझं धरून बसलीय आणि आपण हळदीचा हिशेब करतोय. ती म्हातारीपुढं बसली. तिला एक वाट सुचली, आपल्यातल्या बायकांची जुनीच. ज्या नावाला जीभ उचलत नाही, ते उखाण्यात घेता येतं. तिथं दोष लागत नाही.

"आजी," ती म्हणाली, "नुसतं सांगू नका. उखाणा घ्या. उद्या हळदीत घ्यायचाच हाय न्हवं? आज घ्या. त्या नावानं."

म्हातारीला ते पटलं. पदर सारखा केला, लग्नातल्यासारखी मान खाली घातली, आणि पोरीच्या आवाजात सुरू केलं,

"धर्मापुरीच्या देवळात बेलाची डहाळी..."

थांबली. ओठ हलले, पण पुढं येईना.

"घ्या, आजी. अमक्याअमक्यांचं नाव घेते हळदीच्या येळी," शिवकन्येनं पुढचं जुळवून दिलं.

"न्हाई गं," बायडाबाई म्हणाली. "उखाणा जित्या नवऱ्याचा असतोय."

आणि तिनं मान वर केली, उज्ज्वलाबाईंकडं सरळ बघितलं आणि गावातल्या कुठल्याही पोराला हाक मारावी तसं नुसतं म्हणाली, "पंडित."

उज्ज्वलाबाईंनी डोळे मिटले. काही विचारायची गरजच राहिली नाही.

"पंडित!" म्हातारी पुन्हा म्हणाली आणि रडता रडता हसली. "अक्षराला अक्षर येत न्हवतं त्याला, आन् नाव काय लावलं, तर पंडित! मी लई हसल्ते." आतापर्यंत ते-ते म्हणणारी बाई आता त्यो म्हणत होती. "त्या तारवाल्यानं चावडीपुढं उभं राहून ईचारलं, पंडित कोण, पंडित कोण? मी घागर घेऊन तितंच उभी. समदे म्हणले, ह्या नावाचा कुणी न्हाई. मी गप्प. तार कशाची असती, ते पोरीलाबी कळत हुतं. मी बोलले असते तर त्यो तवाच मेला असता."

शिवकन्येनं तिला कवटाळलं. केवढी एवढीशी झाली होती म्हातारी! आणि मग शिवकन्येच्या तोंडून निघून गेलं, तिला स्वतःलाही थोपवता आलं नाही.

"मॅडम, वर कळवायचं ते परवा कळवाल का? उद्याचा एक दिवस राहू द्या त्यांना. येवढी वर्षं राहिले, एक दिवसानं काय हुतंय?"

उज्ज्वलाबाई काही बोलायच्या आतच म्हातारीनं शिवकन्येचा हात बाजूला केला.

"न्हाई. आत्ताच कळवा. लई ताटकळत ठिवलं मी त्याला. बिनानावाचा पडलाय तितं. आता जाऊ द्या." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हळदीला दुसरी सवाष्ण बघ, पोरी."

शिवकन्या उभी राहिली. पदर खोचला.

"दुसरी कशाला? तुमीच लावायची," ती म्हणाली. "आन् वडगावचे पाव्हणे काय बोलले, तर गेले चुलीत!"