कोणता परवा?

गोदामाच्या दारावरचा लाल दिवा हिरवा झाला, कडी आपोआप खटकन सरली, आणि झाडणाऱ्या बायांनी झाडू उचलले. मावशी मात्र जागची हलली नाही. ती या बायांची मुकादम. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि नाकाला तोड नव्हती.

"लसूण कुणी आणलाय गं डब्यात?"

"कुणीच नाही."

"मग वास कसला येतोय?"

"तुझ्या रागाचा," तिची लेक म्हणाली. तिला सगळ्या भिंगरी म्हणत, कारण एका जागी उभी राहील तर शपथ.

बाया फिदीफिदी हसल्या. मावशी हसली नाही. धान्यातले किडे मारायला आत विषारी गोळ्या ठेवत. त्यांचा लसणासारख्या वासाचा वायू सुटला की किडा मरतो, आणि माणूस सापडला तर माणूसही. तो विरेपर्यंत दार उघडायचं नाही. पूर्वी गोळ्यावाला स्वतः यायचा, आधी स्वतः आत जाऊन बघायचा. आता कंप्युटर सांगणार आणि दिवा दाखवणार. दिव्याला कुठे नाक असतं!

"मी येईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही," असं बजावून ती तरातरा ऑफिसात गेली. काचेमागे जावई बसला होता, भिंगरीचा नवरा.

"जावईबापू, तुमचं यंत्र म्हणतंय आत जा. माझं नाक म्हणतंय नको. कुणाचं ऐकू?"

"कंप्युटर चुकत नाही, आई. त्याला काल-उद्या कळतच नाही. तो एका ठरलेल्या क्षणापासून नुसते सेकंद मोजत असतो. आपण तारीख द्यायची, तो तिचे सेकंद करतो. मुदत भरली की दार उघडतो."

"आणि तारीख दिली कुणी?"

"मी. सोमवारी गोळ्यावाल्याचा मेसेज आला होता ना." त्याने मोबाइल पुढे केला. मावशीने एकेक अक्षर जुळवलं. 'गोळ्या परवा. दार बंद ठेवा.'

"बरं, मग?"

"मग सोमवारच्या आधीचा परवा. शनिवार टाकला."

बुधवारी तो गोळ्यावाला मास्क लावून, डबा घेऊन आला होता. तिची नुकती धुतलेली पायरी त्याने बुटांनी बरबटवली होती, आणि तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

"अहो शहाणे, तो येणारा परवा! बुधवार! दार चार दिवस आधी उघडलंय!"

जावई पांढराफटक पडला. "मला वाटलं, झालेला..."

"तुम्हाला वाटलं! यंत्राला काही वाटत नाही, म्हणून ते तुमचं वाटलेलं मुकाट मोजत बसलं. आधी बरोबर तारीख टाका!"

त्याने शनिवार पुसला, बुधवार टाकला, बटण दाबलं. अंगणापलीकडे दिवा लाल झाला. जड दार आपलं आपण लोटलं गेलं, कडी बसली. मावशीने श्वास सोडला.

आणि बाया किंचाळल्या.

मावशीने काचेतून पाहिलं, त्यांच्यात भिंगरी नव्हती. थांब म्हटलं की पाय पुढे टाकायचा, हे लेकीने आईच्या दुधातूनच घेतलं होतं. आतून दाराला कडी नव्हती. आतून नुसत्या थापा येत होत्या.

"उघडा!" मावशी जावयावर ओरडली.

"उघडत नाही, आई. मुदत भरली नाही म्हणतंय!"

"मग खोटं सांग त्याला! अरे मेल्या, मघाचंच खोटं सांग! गेलेला परवा टाक!" जावयाचा सगळा मान तिथेच टाकून ती दाराकडे धावली.

तिने दाराला कान लावला. थापा विरळ होत गेल्या. मग एक आली, तीही खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. त्यानंतर काही नाही. मावशीने लोखंडावर मुठी आपटल्या, नखं रोवली. दार तसूभर हललं नाही. त्याला कुणाची घाई कळत नव्हती.

कडी खटकन सरली. भिंगरी झाडूसकट पायरीवर कोसळली. मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर थापट्या मारल्या.

"बोल गं, काहीतरी उलट बोल!"

लेकीचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. तिच्या श्वासाला लसणाचा वास येत होता. वर दिवा हिरवागार जळत होता.