मागच्या बाकावरचं टाचण

पाठ कसा घ्यायचा हे वर्गात जाण्याआधी लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. बुद्धभूषण सर ते तास संपल्यावर लिहीत. आधी लिहिलं की वर्गात भलतंच काही घडे आणि सर खट्टू होत. नंतर लिहिलं की सगळं तंतोतंत जुळे.

इतकं जुळे, की मुख्याध्यापिका पद्मजाबाई चकित झाल्या.

"सर, चौदाव्या मिनिटाला शेळी वर्गात शिरेल, हे तुम्हांला आधी कसं कळलं?"

"अनुभव," सर चपलांकडे बघत म्हणाले.

"मग उद्याचं टाचण आजच द्या. जेवणानंतरच्या तासाला मी येऊन बसते. तुम्हांला कायम करण्याच्या अहवालावर त्यानंतरच सही करीन."

सरांनी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे हंगामीच, काढली होती. कित्येक दिवसांनी त्यांनी आधी टाचण लिहिलं, आणि तेही अगदी खात्रीच्या गोष्टींचं. मग वही वर्गातल्या रुद्राणीकडे दिली, ऑफिसात नेऊन द्यायला. वाटेत तिनं ती वर्गाला वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला, तेव्हा जेवणानंतर रोज उशिरा येणारा सिदू दाराबाहेर उभा होता.

"आत ये की."

"थांबा सर, तिसरं मिनिट व्हायचंय अजून."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला, सिदू आत आला. मागच्या बाकावर बसलेल्या बाईंनी वहीत बरोबरची खूण केली.

नवव्या मिनिटाला रुद्राणी उभी राहिली. "सर, नदी वळणं का घेते?"

"अजून नदी आलीच कुठं?"

"मग आणा की सर लवकर, वेळ झाली."

सरांनी घाईघाईनं फळ्यावर नदी काढली. वळणं समजावता समजावता वळून बघतात तर सगळा वर्ग मागं मान वळवून बसलेला. बाईंची हनुवटी छातीवर टेकली होती.

सिदू कुजबुजला, "सर, बरोबर विसावं मिनिट हाय. मीच झोपणार होतो, पण बाईंनी माझी जागा घेतली."

सर हळू आवाजात नदी पुढं नेत राहिले. कुणी हललं नाही. घंटा झाली तशा बाई दचकून जाग्या झाल्या आणि वहीत बघू लागल्या. एका ओळीवर बोट थांबलं: 'मिनिट वीस. मागच्या बाकावर डुलकी.'

"हेही आधीच लिहिलं होतं?"

"व्हय बाई," वर्गच बोलला.

बाईंनी खूण केली. अहवाल काढून सही केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी पुढं बसेन."