एमेटच्या गजावरच्या दोन खुणा

हॉलिस स्टिडमची ठासणीची बंदूक गेल्या हंगामानंतर न पुसताच कपाटात राहिली आणि नळी आतून गंजून गेली. गावाला बंदूक शिकवणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! हरणांचा हंगाम आठवड्यावर आला होता, म्हणून जुनी पण बरी इनलाइन, नव्या धाटणीची ठासणीची बंदूक, कुणाकडे आहे का, असं त्यानं चर्चमध्ये चारचौघांत विचारलं. व्हर्ना टॅकेटनं निरोप धाडला, एमेटची आहे, घेऊन जा, मला ती घरात नको.

एमेट तिचा नवरा. मागच्या जानेवारीत गेला. मचाणावर बसून दोरीनं बंदूक वर ओढताना ती उडाली आणि गोळी छातीत शिरली, असं त्याचा भाऊ रॉयस सांगत होता. बरोबर तो एकटाच होता. शेरीफच्या माणसांनी बंदुकीतली दारू पेटवणारी टोपी जळालेली बघितली आणि प्रकरण मिटवलं. हॉलिसला दुःखापेक्षा संतापच जास्त आला होता. बंदूक वर घेण्याआधी टोपी काढायची, हे एमेटला त्यानंच शिकवलं होतं. तेव्हापासून दर वर्गात तो बजावायचा, एमेट टॅकेटसारखा गाढवपणा करू नका.

दार रॉयसनं उघडलं. वसंतात तो वहिनीची लाकडं फोडायला म्हणून आला आणि राहिलाच. शनिवारी दोघांचं लग्न होतं. एमेटच्याच खुर्चीत तो पाय ताणून बसला. "या मास्तर. दात मोजून घ्या हं, घोडा विकायचाय," म्हणाला आणि स्वतःच हसला.

व्हर्नानं गळ्यातल्या किल्लीनं कपाट उघडलं. शेरीफच्या कचेरीतून बंदूक परत आल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही, असं ती म्हणाली. चापाजवळ कचेरीची चिठ्ठी अजून बांधलेली होती.

दस्ता नव्यासारखा चकचकीत होता, पण हॉलिस वरच्या रंगाला भुलणारा नव्हता. नळीच्या तोंडाची कड शाबूत आहे का, मागचं बूच फिरतं का, आत खड्डे पडलेत का, हे बघायचं. आणि सगळ्यांत आधी गज, म्हणजे दारू-गोळी ठासायचा दांडा. कुणी काही म्हणो, गज तळापर्यंत गेल्याशिवाय बंदूक रिकामी मानायची नाही.

"रिकामीच आहे ती," रॉयस म्हणाला.

हॉलिसनं नळी चुलीच्या भिंतीकडे वळवली आणि गज सोडला. एमेटनं गजावर दोन खुणा कोरल्या होत्या. खालची भरलेल्या बंदुकीची, वरची रिकामीची. गज आत गेला, मऊसर काहीतरी लागलं आणि थांबला. नळीच्या तोंडाशी खालची खूण होती. चार बोटं गज बाहेर.

टोपी जळाली होती, पण दारू दमट असणार, पेटलीच नाही. गोळी वर्षभर आतच बसून होती. ही बंदूक उडालीच नव्हती. मग एमेटच्या छातीत शिरली ती कुणाची?

त्या रानात दुसरी बंदूक एकच होती.

त्यानं गज हळूच काढला.

"कुठपर्यंत गेला?" रॉयसनं विचारलं. पाय आता ताणलेले नव्हते.

"तळापर्यंत. चांगली आहे. घेतो मी."

"एवढ्यात पसंत? तुम्ही तर स्क्रू न् स्क्रू खोलता."

हॉलिसनं गज नळीखाली खोचला. व्हर्ना मक्याचा पाव कापत होती. त्या खुणा एमेटनं याच टेबलावर, तिच्याच सुरीनं कोरल्या होत्या, आणि गज तिनं धरला होता; आत्ता नळीच्या तोंडाशी कोणती खूण थांबली, ते तिनंही पाहिलं होतं. तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि कोट घेतला.

"शनिवारचे बूट घट्ट होतात," ती रॉयसला म्हणाली. "बदलून आणते. हॉलिस सोडतील मला."

"मी नेतो की."

"तू पावाकडे बघ. दुसरा भट्टीत आहे."

रॉयस दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. हॉलिसनं बंदूक मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि गाडी सुरू केली. ओढ्यावरचा पूल आला, तेव्हा व्हर्नानं वळून पाहिलं. मागे वळणावर रॉयसची गाडी दिसली, सावकाश येणारी.

"वर्षभर रोज शिव्या दिल्या मी त्याला," व्हर्ना म्हणाली. "म्हटलं, स्वतःच्या हलगर्जीपणानं मेलास आणि मला एकटी टाकलीस."

"मीही," हॉलिस म्हणाला, आणि शेरीफच्या कचेरीचा रस्ता धरला.