शोकोच्या नाळेवरचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. काळ्या दगडाचा, तीन पायांचा. त्लाश्काला नावाच्या मक्याच्या मुलखात, तिथल्या डोंगरात मला घडवलं आणि तेइकू नावाच्या नवरीबरोबर मी तिच्या सासरी आलो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका माझ्यावर वाटायचा आणि त्याच्या भाकरी थापायच्या, एवढाच आमचा संसार. वाहवा व्हायची ती भाकरीची. पाट्याची कोण करतो?

तेइकूला मुलगी झाली, शोको. आमच्या रीतीप्रमाणे तिची नाळ चुलीशेजारी, माझ्या पायांखाली पुरली. मग मुलगी कुठेही जावो, तिची ओढ घराकडेच राहते. शोको मोठी झाली, माझ्यावर वाटू लागली. तिचा हात जितका मऊ, तितकी जीभ तिखट.

मित्रांनो, एके दिवशी समुद्रापलीकडचे दाढीवाले शिपाई गावात आले. त्यांतला एक दमून सरळ माझ्यावरच बसला!

"ऊठ मेल्या!" शोको ओरडली. "पाटा आहे तो! उद्या चुलीवर बसशील!"

"हळू बोल गं," तेइकू कुजबुजली. "लोक त्यांना देव म्हणतात."

"देवांना एवढी भूक लागते? सकाळपासून चरतायत, आई!"

शिपायाला शब्द कळले नाहीत. भाकरी मात्र कळली. पुढच्या मोहिमेत मका वाटायला त्यांनी गावाकडे बायका मागितल्या, तेव्हा त्याने शोकोकडेच बोट दाखवलं. मुखियाने मान खाली घालून होकार दिला.

"पाटा धुऊन ठेव हं," निघताना शोको म्हणाली. "आले की मीच वाटीन."

"तू आधी ये तर खरी," तेइकू म्हणाली.

घोडे परतले, दाढीवालेही परतले. शोको नाही. तेइकू मला रोज धुवायची. धुता धुता तिचे केस पांढरे झाले. मग दाढीवाल्यांचा हुकूम निघाला : डोंगरातली घरं सोडा, खाली नव्या चर्चभोवती राहायला या.

"पाटा घे की पाठीवर," शेजारीण म्हणाली. "तिथे काय दातांनी वाटणार आहेस?"

"उसना मागेन कुणाचा तरी. पोरीची नाळ इथे आहे. आली तर इथेच येईल ना ती?"

तेइकूने मला धुतलं, क्षणभर माझ्यावर तळहात ठेवला आणि ती उठली. शोकोच्या हातातला वरवंटा मात्र सोबत नेला. पाट्यावाचून वरवंटा काय कामाचा, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

घर केव्हाच पडलं. आता माझ्या खळग्यात पाणी साचतं, पाखरं पिऊन जातात.

मित्रांनो, रानात कुठे झिजलेला दगड दिसला, तर त्याच्यावरचा पाचोळा झाडा. पण शोभेसाठी त्याला घरी नेऊ नका. तो कुणासाठी तरी थांबलेला असेल. मला तर मुळीच हलवू नका. शोकोला हीच जागा ठाऊक आहे.