सत्तावीस नंबरची बेल

इंटरकॉमच्या बोर्डासमोर बसलं की दिशाला आपण विमान चालवतोय असंच वाटायचं. समोर बटणांच्या रांगा, प्रत्येक बटणाला एक बारीक लाल दिवा, आणि कुठल्या खोलीत कोण फोनवर आहे ते बसल्या जागी दिसणार. दिवा लुकलुकला की तिकडे बेल वाजतेय, स्थिर पेटला की कुणीतरी उचललाय. एवढं कळलं की निम्मं काम आलं, असं ती वर्गात मैत्रिणींना सांगायची आणि मैत्रिणी जांभया द्यायच्या. द्या म्हणावं. यंदा गॅदरिंगला तिने अख्ख्या शाळेसमोर न अडखळता भाषण ठोकलं होतं, तेव्हापासून तिला कुणाच्या जांभईचं काही वाटेनासं झालं होतं.

तिचे पप्पा भानुदास बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या ऑफिसांना, गोदामांना इंटरकॉम बसवून द्यायचे. जळोचीच्या घरात पुढच्या खोलीत जुने फोन, वायरींची वेटोळी, आणि त्यातच दिशाचा अभ्यास. प्रोग्रामिंगचे आकडे तिला पाढ्यांसारखे पाठ. कुणाचा फोन न उचलल्यास कुठे वळवायचा, दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या टेबलावरून कसा ओढून घ्यायचा, सगळं. म्हणून शेळगावच्या वाटेवरच्या रोपवाटिकेतून बोलावणं आलं तेव्हा तिने पप्पांना सांगून टाकलं की तुम्ही वायर बघा, बोर्ड मी बघते. पप्पा हसले आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं.

गाडीवर त्यांनी तिला तिथली हकीकत सांगितली. रोपवाटिकेत उसाची रोपं तयार करतात. हिरव्या जाळीच्या लांबच लांब शेडमध्ये ट्रे मांडलेले, आणि त्या सगळ्यांच्या मागे, पार टोकाला, पाण्याच्या मोटारीची पत्र्याची खोली. तिथे दत्तोबा म्हणून एक म्हातारे गृहस्थ पाण्याचं बघायचे. मागच्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी त्या खोलीतच ते गेले. दहाव्याला कावळा शिवेना. पोरं झाली, पाहुणे झाले, जो तो हात जोडून काहीतरी कबूल करून बघत होता. शेवटी रोपवाटिकेचे मालक विजयसिंह पुढे झाले आणि म्हणाले, आबा, तुमच्या खोलीला कुणी हात लावणार नाही, तुमचा फोनसुद्धा तुमचाच राहील. तसा कावळा आला.

झालं. खोलीला कुलूप लागलं. मोटारीला टायमर बसवून तिची कळ बाहेर घेतली. दत्तोबांच्या बायकोला, प्रयागबाईंना, ऑफिसात बोर्डावर बसवलं. रोपांच्या ऑर्डरी घ्यायच्या, बसून काम. आणि पहिल्याच आठवड्यात दिवस कलता कलता बोर्डावर फोन वाजला. कुणाचा म्हणून बघितलं तर सत्तावीस नंबर. म्हणजे कुलूपबंद खोली.

दिशाच्या घरी कावळ्याचं काही नसतं. आजोबा गेले तेव्हा बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाला लोक जेवून गेले, संपलं. तिने हेल्मेटच्या आतूनच निकाल दिला. "पप्पा, वायर शॉर्ट असणार."

"बघू," पप्पा म्हणाले. "वायर मीच टाकलीय, बाळा."

रोपवाटिकेत पोचल्यावर पहिला चहा बनाबाईंनी दिला. ट्रे भरणाऱ्या बायकांची ती मुकादम, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, म्हातारा जिवंतपणी कधी वेळेवर घरी गेला नाही, आता मेल्यावर बी ड्यूटी सुटंना त्याची. बाकीच्या बाया हसल्या, पण दिवस उतरायला लागला की यातली एकही मागच्या शेडकडे फिरकत नाही हेही त्यांनीच सांगितलं. आधी खोलीत बेल घुमते, घुमते, थांबते. मग ऑफिसात वाजते. तोवर त्या गेटाबाहेर असतात.

पप्पा वायरीच्या मागावर मागे गेले. दिशा ऑफिसात शिरली.

प्रयागबाई बोर्डाजवळ बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर घट्ट. त्यांनी खुर्ची दिली, पण स्टूल ओढून शेजारीच बसल्या. आपल्या घरात परका माणूस कपाट उघडतोय अशा नजरेने. फोन आल्यावर तुम्ही काय करता, असं दिशाने विचारलं. त्या म्हणाल्या की उचलते, "बोला" म्हणते, आणि ऐकत बसते. काही ऐकू येतं का? एक बारीक सूर येतो. बाकी काही नाही. तरी त्या ठेवत नाहीत.

"भीती नाही वाटत?"

"आपल्या मानसाचं कसलं भ्या?" प्रयागबाई म्हणाल्या. "त्यांस्नी कायतरी बोलायचं ऱ्हायलंय. तेवढंच सांगतील म्हनून बसती मी हितं."

दिशाने काम सुरू केलं. पासवर्ड टाकला, प्रोग्रामिंगमध्ये गेली आणि सत्तावीस नंबरचं एकेक सेटिंग स्क्रीनवर आणू लागली. वळवलेला फोन नाही. उचलताच आपोआप दुसरीकडे लागणारी हॉटलाइन नाही. आणि मग अलार्मच्या यादीत ती ओळ आली. सत्तावीस, रोज, संध्याकाळ.

ती खुर्चीतून उठलीच. विजयसिंह दारात कुणाशी बोलत होते, त्यांना तिने हाक मारून बोलावलं आणि गॅदरिंगच्या भाषणासारखं ठणठणीत सांगितलं. हे भूतबीत काही नाही. आपल्या फोनवर अलार्म लावता येतो, दोन-चार आकडे दाबायचे असतात. आबांनी तो लावलेला होता. रोज त्या वेळेला मशीन त्यांच्या खोलीत बेल देतं. तिथे कुणी उचललं नाही की मशीन समजतं माणूस झोपलाय, आणि मग ऑपरेटरला कळवतं. म्हणून बोर्डावर सत्तावीस दिसतो. तो बारीक सूर म्हणजे अलार्मचाच.

विजयसिंहांचा चेहरा एकदम सैल पडला. ते हसले, कपाळ पुसलं. "एवढंच व्हय? आन् आमी शांत करायला गुरव आणला हुता. टाक काढून, दिशा. फोन तितंच ऱ्हाऊ दे, शब्द दिलाय मी. पर ही बेल तेवढी घालव."

ते ट्रॅक्टर आला म्हणून बाहेर गेले. दिशा वळली तर प्रयागबाई बोर्डाकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

"त्यांनी सोता लावल्याली?"

"हो मावशी. त्याच फोनवरून लावता येते, आणि तिथूनच काढता येते. नाहीतर मग इथून, पासवर्डने."

प्रयागबाईंनी स्टूल बोर्डाजवळ ओढलं. मग हळूहळू सांगू लागल्या. मागच्या अंगाला त्यांचं घर, रोपवाटिकेचंच. मोटार बंद पडली तर रात्री-बेरात्री बोलवायला सोपं म्हणून घरातही एक फोन दिलेला, एकतीस नंबरचा. रोज संध्याकाळी दत्तोबा त्यावर फोन करायचे. निघतो, एवढंच म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माणूस रोज न चुकता आठवण काढतो याचं त्यांना कोण कौतुक. जावांना सांगायच्या त्या.

"बेलीवर याद येत हुती व्हय माजी," त्या म्हणाल्या, आणि हसल्यासारखं केलं.

दिशाला आपण कुणाची तरी काचेची वस्तू पाडलीय असं वाटलं. ज्यांना विसरायचं नसतं तेच अलार्म लावतात, असं काहीतरी ती पुटपुटली. प्रयागबाईंनी मान हलवली. पण त्यांचं सांगून संपलं नव्हतं. दत्तोबा गेले त्या संध्याकाळी त्या इंदापूरच्या बाजाराला गेल्या होत्या. परत आल्या तर खोलीपुढे माणसं, आणि आत रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. म्हणजे फोन लावला असणार. घरी वाजला असणार. उचलायला कुणी नव्हतं.

मग एकदम त्यांनी मान वर केली. "पोरी, पर रोज येत न्हाय गं तो फोन. मदनंच येखाद्या दिशी चुकतो. त्या दिशी काय हुतं?"

उत्तर दिशाच्या तोंडातून विचाराच्या आधी निघालं, पाठ असलेल्या पाढ्यासारखं. "त्या दिवशी तिकडं कुणीतरी उचलला असणार."

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

पंखा फिरत होता. बाहेर बाया ट्रे आपटून माती झाडत होत्या. मग दिशाने घाईघाईने वीज गेली असेल म्हणून सांगितलं, पण मशीनला बॅटरी होती, ते तिलाच माहीत होतं. मशीनमधली फोनांची नोंद, लॉग, चाळून बघावा म्हणून ती कीपॅडकडे वळली आणि हात मागे घेतला. तेवढ्यात पप्पा घाम पुसत आले. वायर ठणठणीत आहे म्हणाले, कुठे उंदरानं कुरतडलेली नाही, जोड नाही. खोलीचं कुलूप गंजून धरलंय, त्यावर कोळ्याचं जाळं. कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नाही. एकदा वाजताना ऐकतो, मग निघू, असं म्हणून ते परत मागे गेले.

विजयसिंहांनी सांगितलेलं काम एका मिनिटाचं होतं. ओळ निवडायची, पुसायची. दिशाचा अंगठा बटणावर होता.

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे," प्रयागबाई म्हणाल्या.

दिशाने अंगठा उचलला.

ऊन जाळीवरून खाली सरकलं. बायांनी हातपाय धुतले, डबे उचलले आणि बनाबाईच्या मागून गेटाबाहेर गेल्या. ऑफिसात दिवा लावायचंही कुणाला सुचलं नाही. आणि बोर्डावर सत्तावीसचा दिवा लुकलुकायला लागला.

दुरून, सगळ्या शेडच्या पलीकडून, बेल ऐकू येत होती. मोठी, जुन्या वळणाची बेल, मोटारीच्या आवाजावर मात करायला मुद्दाम निवडलेली. प्रयागबाईंनी पदर सावरला आणि हात रिसीव्हरवर ठेवला. दिशा मनात म्हणत होती, आता थांबेल, आता इकडे येईल.

बेल मध्येच तुटली. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला.

दिशाचा मोबाईल थरथरला. पप्पा होते. "आत वाजायची थांबली बघ एकदम. तू बंद केलीस का?"

"नाही."

"मग?" पप्पांचा आवाज बारीक झाला. "कुलूप माझ्यासमोर आहे, दिशू."

ऑपरेटरचा फोन गप्पच होता. प्रयागबाईंचा हात रिसीव्हरवर तसाच. "आला न्हाय," त्या म्हणाल्या, रोजची एसटी आज चुकावी तशा आवाजात.

पण दिशा दिव्यांकडे बघत होती. बेल ऐकून माणूस काय करायचा ते तासाभरापूर्वीच तिने ऐकलं होतं. उचलायचा, बेल बंद करायचा, आणि मग घरी फोन लावायचा. रोज. तिकडे कुणी न उचललेली बेल तेवढी इथे यायची, उचललेल्या दिवशी फोन रिकाम्या घरात वाजायचा, आणि प्रयागबाई इतके महिने नेमक्या इथे येऊन बसत होत्या. खालच्या रांगेत एकतीसचा दिवा लुकलुकायला लागला होता.

"मावशी," ती म्हणाली, "घरी वाजतोय."

प्रयागबाईंनी दिव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. काही विचारलं नाही. उठल्या, पदर नीट केला, कपाळावरचे केस आत सारले आणि बाहेर पडल्या. खिडकीतून दिशाला त्या शेडच्या कडेने जाताना दिसल्या. आधी चालत होत्या. मग चपला हातात घेऊन पळायला लागल्या. अंधुकात फक्त त्यांचं पांढरं पोलकं तेवढं दिसत होतं, मग तेही दिसेना.

दिवा लुकलुकतच होता. कुठलाही माणूस एवढा वेळ फोन वाजू देत नाही, कंटाळतो, ठेवतो. हा ठेवत नव्हता.

दिशाच्या समोर बटण होतं. दुसरीकडे वाजणारा फोन इथे ओढून घ्यायचं. दोन आकडे आणि एकतीस. नुसतं दाबायचं आणि ऐकायचं, की जगातलं सगळं कळलं असतं. जी मुलगी कुठल्याही मशीनचं झाकण उघडल्याशिवाय राहायची नाही, तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

एकतीस स्थिर झाला.

वर एक, खाली एक, दोन लाल दिवे अंधारात पेटून राहिले. शेडच्या मागे मोटार टायमरवर आपोआप सुरू झाली, पाण्याची फूस ऐकू आली, आणि बंदही झाली. दिवे तसेच. मग वरचा विझला. खालचा जळतच राहिला. उचललेला रिसीव्हर खाली ठेवायला कुणाचा तरी हात धजत नसल्यासारखा.

विजयसिंह आत आले, त्यांनी ट्यूब लावली आणि अंधारात का बसलीस म्हणून विचारलं. मग म्हणाले, "काढलंस का ते?"

"काढते," दिशा म्हणाली. तिने पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर पडला. अलार्मची यादी उघडली. तिथे सत्तावीसची ओळ नव्हती. तिने वर-खाली करून बघितलं. यादी रिकामी होती.

"झालं?"

"निघालंय," ती म्हणाली. मी काढलं असं तिला म्हणवेना.

विजयसिंह खूश होऊन पप्पांना शोधायला बाहेर गेले. दिशाने बोर्डाकडे पाठ केली नाही. ती तशीच, खुर्ची मागे सरकवत, खालचा दिवा कधी विझतो ते बघत दारापर्यंत गेली.